स्विच बंद ठेवण्याची वेळ निविदेतच लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या बँकेचे व्यवहार दुपारभर अडले किंवा तिकीट आरक्षण थांबले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच छापून येते आणि विषय संपतो. त्यामागे वीज, फायबर, डेटाबेस, डिस्क काहीही असू शकते. आम्हाला त्यातल्या एकाच भागाबद्दल लिहायचे आहे, कारण त्याचा उपाय अभियंत्यांच्या हातात कमी आणि खरेदी विभागाच्या हातात जास्त आहे. तो भाग म्हणजे डेटा सेंटरमधल्या नेटवर्क स्विचवरचे (सर्व्हरना जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्रांवरचे) सॉफ्टवेअर, त्यातले बग म्हणजे चुका आणि ते दुरुस्त करण्यासाठी स्विच बंद करायला लागणारी वेळ. अनेक निविदांत ही वेळ धरलेलीच नसते. घेतली तर दंड लागतो, म्हणून कोणी घेत नाही. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांच्या मेगावॅटवर आणि भूखंडांवर भरपूर लिहिले जाते. आत बसलेल्या यंत्रांच्या देखभालीवरही लिहिले जावे.

रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटाच्या, माथ्यावरचा स्विच म्हणजे पावणेदोन इंच उंचीचा, बहुधा ४८ पोर्टचा (केबलच्या खाचांचा) डबा. त्यातली एक चिप पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पाठवते. कोणते पॅकेट कुठे जायचे याचे तक्ते त्या चिपमध्ये भरण्याचे काम शेजारच्या प्रोसेसरवर चालणारे सॉफ्टवेअर करते. सिस्कोचे एनएक्स-ओएस, अरिस्टाचे ईओएस आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुले केलेले सोनिक, ही तिन्ही लिनक्सवर उभी आहेत. म्हणजे आत एक पूर्ण संगणक आहे. त्याला डिस्क आहे, फर्मवेअर (यंत्राच्या भागातच बसवलेले सॉफ्टवेअर) आहे, लॉग-इन आहे आणि बगही आहेत.

त्यातला सर्वांत फसवा बग वेळ मोजणारा. सिस्कोच्या नेक्सस ३००० आणि ९००० मालिकांतल्या काही स्विचमध्ये मायक्रॉन कंपनीची एक ठरावीक एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) बसवलेली होती. तिच्या फर्मवेअरमधल्या दोषामुळे एकूण २८,२२४ तास, म्हणजे सुमारे सव्वातीन वर्षे, वीज मिळून झाली की डिस्क हात वर करते. फाइल प्रणाली फक्त वाचण्यापुरती उरते, बदललेले कॉन्फिग (स्विचने कसे वागायचे त्या सूचना) जतन होत नाही. वीज बंद करून चालू केली की सगळे सुरळीत दिसते, आणि १,००८ तासांनी, म्हणजे सहा आठवड्यांनी, पुन्हा तेच. ज्यांनी ‘रिस्टार्ट केला, चालू झाला’ असे लिहून तक्रारीचे तिकीट बंद केले, त्यांना हा दुसरा फटका बसतो. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडींबाबत असाच इशारा दिला होता. तिथे आकडा ३२,७६८ तासांचा होता आणि डिस्कबरोबर तिच्यावरचा डेटाही कायमचा जात होता. ३२,७६८ हा २ चा १५ वा घात. सोळा बिटांच्या चिन्हांकित मोजणीत ३२,७६७ च्या पुढे जागाच नसते, यावरून चूक कुठे असावी हे जाणकाराला आकड्यावरूनच कळते. मार्च २०१७ मध्ये सिस्कोच्या एएसए फायरवॉलच्या काही आवृत्त्या २१३ दिवस १२ तास सलग चालल्या की ट्रॅफिक पुढे सोडणेच थांबवत, असे उघड झाले.

इथे दोन मोजण्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘अपटाइम’, म्हणजे सलग चालू राहिल्याचा वेळ, रिबूट केल्यावर शून्यावर येतो. फायरवॉलच्या बगला तेवढे पुरले. एसएसडीचे ‘पॉवर-ऑन’ तास मात्र साठतच जातात, त्यांना रिबूटशी देणेघेणे नाही. तिथे फर्मवेअरच बदलावे लागते. आणि खरी मेख अशी की डेटा सेंटरमध्ये प्रत्येक रॅकला स्विचची जोडी असते, ती एकाच ऑर्डरमध्ये येते, एकाच दिवशी बसते आणि एकाच तासात चालू होते. घड्याळाचा बग असेल तर दोन्ही स्विच एकाच दुपारी पडणार. एक गेला तर दुसरा सांभाळेल, हे जोडीचे सगळे गणित तिथे कोसळते. म्हणून मालमत्तेच्या नोंदवहीत सीरियल क्रमांकाशेजारी चालू केल्याची तारीख, एसएसडीचे मॉडेल आणि तिची फर्मवेअर आवृत्ती हे तीन रकाने हवेतच. ‘आमचा कोअर स्विच ९०० दिवस बंद पडलेला नाही’ असे अहवालात अभिमानाने लिहिले जाते. त्याचा सरळ अर्थ, त्याला ९०० दिवसांत पूर्ण इमेजची, म्हणजे अख्ख्या सॉफ्टवेअरच्या फाइलची, एकही दुरुस्ती मिळालेली नाही.

दुसरा प्रकार न वापरलेल्या, पण चालू राहिलेल्या सोयींचा. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर नवा स्विच दूरवरून बसवण्यासाठी ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची सोय होती. ती टीसीपी ४७८६ या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअरचा क्रमांकित दरवाजा) मुळातच उघडी असे. मार्च २०१८ मध्ये तिच्यातली त्रुटी सीव्हीई-२०१८-०१७१ या क्रमांकाने (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची सार्वजनिक यादी) जाहीर झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इराणमधले सुमारे ३,५०० स्विच कॉन्फिग पुसून कोरे झाले. उपाय एका ओळीचा होता: ‘नो व्हीस्टॅक’. नवी इमेज नको, रिबूट नको. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयला पुन्हा इशारा द्यावा लागला, की रशियन गुप्तचर यंत्रणेशी जोडलेला गट हीच त्रुटी अजून वापरतो आहे. हे कार्यालयीन जाळ्याचे स्विच आहेत, डेटा सेंटरच्या कण्याचे नव्हेत, हे खरे. पण व्यवस्थापनाचे वेगळे जाळे अशाच जुन्या स्विचवर चालवण्याची पद्धत सर्रास आहे.

याच जातीचे, पण स्वरूपाने वेगळे उदाहरण अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक या दूरसंचार कंपनीचे. २७ डिसेंबर २०१८ रोजी डेन्व्हरमधल्या एका स्विचिंग मॉड्यूलने चार सदोष व्यवस्थापन पॅकेट तयार केली. त्यांना मुदत नव्हती आणि पत्ता ‘सर्वांना’ असा होता, त्यामुळे जाळ्यातला प्रत्येक नोड (उपकरण) ती पुढच्यांना पाठवत राहिला. ३७ तास गोंधळ चालला, २ कोटी २० लाख ग्राहकांना झळ बसली आणि किमान ८८६ आपत्कालीन फोन पोहोचले नाहीत. अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या चौकशीत निघाले, की ज्या व्यवस्थापन वाहिनीवरून ती पॅकेट फिरली ती कंपनी वापरतच नव्हती. उपकरणात ती मुळात चालू होती, एवढेच.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण थेट डेटा सेंटरच्या स्विचचे. १ जुलै २०२४ रोजी जाहीर झालेली एनएक्स-ओएसमधली सीव्हीई-२०२४-२०३९९. तिच्यासाठी हल्लेखोराकडे आधी अॅडमिनचा पासवर्ड असावा लागतो, म्हणून तिची तीव्रता ‘मध्यम’ ठरली. प्रत्यक्षात एका चिनी गटाने ती आधीच वापरली होती. कारण तिच्यामुळे स्विचच्या आतल्या लिनक्सवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून आज्ञा चालवता येतात आणि सिसलॉगमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) नोंद उमटत नाही. ‘क्रिटिकल आणि हाय तेवढे पॅच करा, बाकी पुढच्या वर्षी’ हा नियम ऑडिटच्या तक्त्यात छान दिसतो. स्विचसाठी तो पुरत नाही; तीव्रतेच्या आकड्याशेजारी ‘सध्या वापरात आहे का’ हा रकाना पाहावाच लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते ठेवले जातातही. पण जी आज्ञा लॉगमध्ये आलीच नाही, तिच्यापुढे त्याचा उपयोग काय?

चौथ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. कधी सॉफ्टवेअरच्या तक्त्यात मार्ग बरोबर असतो, पण चिपमध्ये तो उतरलेला नसतो. स्विचवरून पिंग केले (समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहिले) तर उत्तर येते, कारण ते पॅकेट प्रोसेसरकडून निघते. सर्व्हरचे पॅकेट मात्र चिपमध्ये शिरून नाहीसे होते. मग नेटवर्कवाले सर्व्हरवाल्यांकडे आणि सर्व्हरवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवत बसतात. एनएक्स-ओएसमध्ये यासाठी ‘शो कन्सिस्टन्सी-चेकर फॉरवर्डिंग’ ही आज्ञा आहे. ती आधी चालवावी, भांडण नंतर करावे.

आता दुरुस्तीकडे. नवी इमेज आली म्हणून लगेच चढवायची नसते. प्रत्येक आवृत्तीबरोबर येणाऱ्या टिपणात ‘सुटलेले दोष’ आणि ‘शिल्लक दोष’ अशा दोन याद्या असतात. लोक पहिली वाचतात. दुसरी जास्त महत्त्वाची. आपण वापरतो ती वैशिष्ट्ये (व्हीएक्सलॅन, बीएफडी, मल्टिकास्ट, जे असेल ते) घेऊन दुसऱ्या यादीत शोधावे. अरिस्टाच्या आवृत्तीच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तीत नवी वैशिष्ट्ये भरली जात आहेत, ‘एम’ असेल तर फक्त दुरुस्त्या. चालत्या डेटा सेंटरला ‘एम’ बरी. एकच बग सोडवायचा असेल तर पूर्ण इमेजऐवजी छोटी दुरुस्ती मिळते. सिस्कोकडे तिला एसएमयू म्हणतात, अरिस्टाकडे ती एक्स्टेन्शन म्हणून बसते. एसएमयू ‘अॅड’ आणि ‘अॅक्टिव्हेट’ केल्यावर ‘कमिट’ करायची राहिली, तर पुढच्या रिबूटला ती गळून पडते आणि बग परत येतो. ही चूक फार होते. सिस्कोची एनएक्स-ओएसची सुरक्षा पत्रके फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये एकत्र निघतात, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या रात्री वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवता येतात.

प्रत्यक्ष काम रात्रीचे, पण त्याची तयारी दिवसा करायची. इमेज दीड-दोन जीबीची असते. ती आधीच बूटफ्लॅशवर (स्विचच्या आतल्या साठवणीवर) उतरवावी, जागा नसेल तर जुन्या इमेज काढाव्यात, आणि एसएचए-५१२ बेरीज (फाइल शाबूत असल्याची खूण) कंपनीच्या पानावरच्या आकड्याशी जुळवावी. अर्धवट उतरलेली इमेज रात्री २ वाजता सापडली, तर त्या रात्रीचे काम तिथेच संपते. ‘शो इन्स्टॉल ऑल इम्पॅक्ट’ ही आज्ञा काहीही न बदलता सांगते, की या अपग्रेडमध्ये ट्रॅफिक तुटेल की नाही आणि बायोस (सुरुवातीला चालणारे फर्मवेअर) बदलेल की नाही. जुन्या आवृत्तीवरून थेट उडी नेहमी मारता येत नाही, एनएक्स-ओएसच्या ७.० वरून १० च्या मालिकेत जाताना अनेकदा ९.३ वर थांबावे लागते. म्हणजे दोन रिबूट, दुप्पट वेळ.

त्यानंतर ‘शो रनिंग-कॉन्फिग डिफ’, चालू आणि जतन केलेल्या कॉन्फिगमधला फरक दाखवणारी आज्ञा. कोणी चार महिन्यांपूर्वी बदल करून जतन करायला विसरले असेल, तर ते इथे दिसते. नाही पाहिले तर रिबूटनंतर तो बदल गायब आणि दोष मात्र नव्या आवृत्तीवर. कॉन्फिगची प्रत स्विचच्या बाहेर ठेवावी. कन्सोल केबल (जाळ्याशिवाय स्विचशी थेट बोलण्याची) लावून ती खरोखर चालते का, हे लॉग-इन करून पाहावे. ‘स्नॅपशॉट क्रिएट’ने आधीची स्थिती टिपून ठेवली, तर नंतर मार्ग, शेजारी आणि पोर्ट यांचा फरक ‘शो स्नॅपशॉट्स कम्पेअर’ स्वतःच काढून देते. डोळ्यांनी दोन पडदे ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो सर्व्हरच्या बाजूला. कागदावर प्रत्येक सर्व्हर दोन स्विचना जोडलेला असतो. प्रत्यक्षात एखाद्याच्या दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतात, एखाद्याचे बाँडिंग, म्हणजे दोन केबलची एकत्र जोडणी, महिनाभर एकाच पायावर चाललेले असते. स्विचवर ‘शो व्हीपीसी’ (व्हीपीसी म्हणजे सर्व्हरला एकच स्विच भासणारी जोडी) आणि ‘शो पोर्ट-चॅनेल समरी’ पाहावे, लिनक्स सर्व्हरवर बाँडिंगची स्थिती पाहावी, आणि एकाच स्विचला लटकलेल्या पोर्टची यादी करून त्यांच्या मालकांना आधी कळवावे. ही यादी शून्य निघाली तर ती पुन्हा तपासावी, असे आमचे मत आहे.

रिबूटपूर्वी स्विचवरचे ट्रॅफिक बाजूला वळवायचे. एनएक्स-ओएसमध्ये ‘सिस्टिम मोड मेन्टेनन्स’, ईओएसमध्येही मेन्टेनन्स मोड. बीजीपी (मार्गांची माहिती देण्याघेण्याची पद्धत) असेल तर आरएफसी ८३२६ या मानकातली ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाउन कम्युनिटी, म्हणजे ‘मी बंद होतो आहे’ अशी खूण. आज्ञा देऊन लगेच रिबूट करू नये. पोर्टवरचा प्रवाह खरोखर ओसरला का, हे आकड्यांत पाहावे, मगच ‘इन्स्टॉल ऑल’. स्विच परत उभा राहायला ५ ते १० मिनिटे लागतात. ईपीएलडी, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्रॅमेबल चिपचे फर्मवेअर, सोबत असेल तर आणखी वेळ आणि आणखी एक पॉवर सायकल.

परत येतानाचा सापळा वेगळा. व्हीपीसी जोडीत ‘डिले रिस्टोअर’, म्हणजे पोर्ट वर आणण्यापूर्वी थांबण्याचा वेळ, मुळात ३० सेकंदांचा असतो. स्विचचे सर्व्हरकडचे पोर्ट ३० सेकंदांत वर येतात, पण वरच्या बाजूचे मार्ग शिकायला त्याला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मधल्या काळात सर्व्हर अर्धे ट्रॅफिक या स्विचकडे पाठवतो आणि ते इथे मरते. मार्गांची संख्या मोठी असेल तिथे हा आकडा १५० ते ३०० सेकंदांपर्यंत नेलेला बरा. दुसरा स्विच कधी करायचा, यावर दोन मते आहेत. आम्हाला वाटते, एकाच जोडीत दोन आवृत्त्या आठवडाभर ठेवू नयेत. कंपन्या त्याला फक्त अपग्रेडच्या मधल्या काळापुरती परवानगी देतात. नवी आवृत्ती मुरवायचीच असेल तर ती चाचणीच्या किंवा कमी महत्त्वाच्या रॅकच्या पूर्ण जोडीवर पंधरा दिवस मुरवावी. सोनिकमध्ये जुनी इमेज डिस्कवर तशीच राहते आणि ‘सोनिक-इन्स्टॉलर’ला पुढचे बूट कुठून ते सांगता येते, त्यामुळे परतीचा रस्ता सोपा आहे. इतरत्र परत जाण्याची आज्ञा आणि तिला लागणारी मिनिटे आधी लिहून ठेवावी लागतात.

‘आमच्या स्विचला रिबूट लागतच नाही, आयएसएसयू (सेवा न थांबवता होणारे अपग्रेड) आहे’ असे विक्रेते सांगतात, आणि निविदेत त्यासाठी एक चौकोनही असतो. एकाच सुपरव्हायझरच्या (नियंत्रण करणाऱ्या प्रोसेसरच्या) नेक्सस स्विचवर आयएसएसयू चालू असताना चिप पॅकेट पाठवत राहते, पण नियंत्रणाचे सॉफ्टवेअर १२० सेकंदांपर्यंत गप्प असू शकते. एलएसीपीचा (एकत्र बांधलेल्या केबल सांभाळणाऱ्या नियमाचा) वेगवान दर लावलेला सर्व्हर ३ सेकंद वाट पाहून दुवा तोडतो. म्हणून त्या दराबरोबर आयएसएसयू करता येत नाही, हे पत्रकातच लिहिलेले असते. ईपीएलडी बदलायला तरीही वीज तोडावी लागते. स्विच ट्रॅफिकपासून रिकामा करून सरळ रिबूट करणे आम्हाला जास्त भरवशाचे वाटते, आणि ते जमण्यासाठी जोडी हवी, मोकळी रात्र हवी.

ती रात्र मिळत नाही, याचे कारण अंकगणितात आहे. ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला ५ मिनिटे १५ सेकंद. निविदेत हा आकडा ‘प्रत्येक उपकरणासाठी’ असा लिहिला, तर वर्षातले पहिलेच अपग्रेड करार मोडते, मग एकाही ग्राहकाचे एकही पॅकेट अडलेले नसो. तिमाही बिलातून कापणी होते. कंत्राटदार शहाणा असेल तर तो काय करेल? स्विचला हातच लावणार नाही. शिवाय हार्डवेअरची वॉरंटी तीन वर्षांची आणि वापर सात वर्षांचा. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) ‘सुटे भाग’ असतात, सॉफ्टवेअरचा हक्क नसतो. मग साध्या बगची दुरुस्त इमेज उतरवताच येत नाही. सुरक्षेच्या त्रुटीपुरती एक वाट आहे: सिस्कोचा करार नसला तरी सीरियल क्रमांक आणि त्या सुरक्षा पत्रकाचा दुवा देऊन त्यांच्या टॅककडे (तांत्रिक मदत केंद्राकडे) दुरुस्त आवृत्ती मागता येते. ती वाट फारच थोडे लोक वापरतात.

सहकारी बँका, महापालिका, विद्यापीठे आणि राज्य सरकारच्या विभागांनी पुढच्या निविदेत पुढील गोष्टी घालाव्यात, अशी आमची मागणी आहे. उपलब्धता एकेका स्विचवर न मोजता रॅकपर्यंत पोहोचणाऱ्या सेवेवर मोजावी. वर्षातून किमान चार रात्री, प्रत्येकी चार तास, पूर्वसूचनेने घेतलेले काम दंडातून वगळावे. आणि त्या रात्री न वापरल्यास त्याचे लेखी कारण मागावे. सॉफ्टवेअरचा हक्क वापराच्या शेवटच्या वर्षापर्यंत खरेदीच्या किमतीतच धरावा. कंपनीची ‘फील्ड नोटिस’ (दोषाची जाहीर सूचना) निघाल्यापासून १५ दिवसांत कोणते सीरियल क्रमांक तिच्यात बसतात, हे कंत्राटदाराने लेखी कळवावे. एकही बसत नसेल तर तसेही कळवावे. स्वीकृती चाचणीत जोडीतला एक स्विच सर्वांसमोर बंद करून दाखवावा आणि तो बंद असताना किती सर्व्हर तुटले, ती यादी अहवालाला जोडावी. ही चाचणी उद्घाटनाच्या आधी करावी, कारण नंतर तिला कोणी परवानगी देत नाही.

आपले,
डेटा सेंटर नेटवर्कची देखभाल करणारे काही अभियंते,
नवी मुंबई